पदरातल्या साती आसरा

बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या पिशवीतून फवारणीच्या औषधाचा वास येत होता. खामगावहून निघालेली गाडी पिंपळगाव राजाच्या वाटेला लागली होती, दोन्ही अंगांना कपाशीच कपाशी, आणि त्या उग्र वासानं माझं चित्त काही थाऱ्यावर राहीना. हा वास आला की मला चुलतकाकू आठवते आणि काकू आठवली की मी अस्वस्थ होते. तिला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सुटत नाही.

मी कॉलेजात साहित्य शिकवते. ग्रीक पुराणकाव्यातल्या जलकन्या आणि वनकन्या हा माझा जिव्हाळ्याचा विषय. झऱ्याझऱ्यात, झाडाझाडांत राहणाऱ्या त्या पोरी! त्यांनी देवांची तान्ही लेकरं सांभाळावीत, तहानलेल्या वीरांना पाणी दाखवावं, आणि एखादा देवच हात धुऊन मागे लागला तर धावता धावता झाड होऊन जावं, वेताचं बेट होऊन जावं. कवी त्यांच्याबद्दल लिहितात ते जेमतेमच. पण त्यांना वगळलं तर त्या काव्यातलं सगळं रान मुकं होतं. यावर मी प्रबंध लिहिला आणि, खोटं कशाला बोलू, त्याचा मला भारी तोरा होता.

सुट्टीत शेतावर गेले की हे सगळं मी काकूला सांगायची. ती भाजी निवडत ऐकायची. तिला त्यात नवल असं काही वाटायचंच नाही. विहिरीच्या काठाशी तिच्या साती आसरा होत्याच, शेंदूर फासलेले सात गोटे. घरातली बाळंतीण पहिल्यांदा बाहेर पडली की आधी त्या पाण्यातल्या बायांना हळदीकुंकू आणि हिरव्या बांगड्या, मग बाकीचं जग. "एकच खानदान दिसते वं त्याइचं," काकू म्हणायची.

मग बीटी कपाशी आली. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पुढे बोंडअळी परतली, फवारण्या वाढल्या, पाणी खोल खोल गेलं. तिच्या मुलानं, माझ्या चुलतभावानं, बोअर मारला आणि आटलेली विहीर बुजवायचं ठरवलं. तेवढीच कपाशी जास्त. "विहिरीत पाणीच नाई राह्यलं मा, त्या तरी काय पितीन?" तो काकूला म्हणाला. तो काही दुष्ट नव्हता, पार थकला होता.

काकूनं सातही गोटे धुतले, पदरात घेतले आणि ती बोअरपाशी गेली. मी तिच्या मागोमाग. कपाशीवर नुकतीच फवारणी झाली होती, तोच उग्र वास सगळीकडे भरला होता. तिथे जमिनीतून वीतभर वर आलेला पाइप होता आणि त्यावर लोखंडी झाकण. ती त्याच्याभोवती दोनदा फिरली.

"यात कुठी बसतीन वं त्या? पाण्यात पाय सोडाले जागा नाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या त्या परदेसातल्या बायाइचा झरा आटला, तं त्या कुठी जात होत्या?"

मी वाचलेल्या काव्यांत त्यांना दर वेळी काहीतरी होता येत होतं. झराच उरला नाही तर काय व्हायचं, हे मला कुठे सापडलं नव्हतं.

"तू घेऊन जा त्याइले," काकू म्हणाली. "तुले समजतात त्या." आणि तिनं पदर माझ्यासमोर उघडला.

मी मागे सरले. फ्लॅटमध्ये जागा नाही, माझ्यानं पूजाअर्चा व्हायची नाही, असं काहीबाही बोलले. खरं सांगायचं तर मला लाज वाटली होती. प्रबंधात शोभून दिसणाऱ्या बाया मला घरात, शेंदरासकट, नको होत्या. काकू रागावली नाही. "हाव, बराबर हाये," म्हणाली आणि तिनं पदर आवरून घेतला.

ते गोटे तिनं कुठे ठेवले ते कुणालाच सांगितलं नाही. पुढच्याच वर्षी ती गेली. भावालाही ठाऊक नव्हतं. विहिरी बुजतात, पिकं बदलतात, काळ कुणासाठी थांबत नाही, हे मलाही कळतं. विहिरीचं दुःख मी भावावर, कपाशीवर, पावसावर ढकलू शकते. पदर समोर उघडा होता आणि मी हात पुढे केला नाही, हे कुणावर ढकलू?

अजूनही दरवर्षी मी वर्गात त्या जलकन्यांबद्दल बोलते. मुलं लिहून घेतात. एखादी मुलगी विचारते, "मॅडम, आपल्याकडे असतात का अशा?" मी हो म्हणते. आणि कुठे, असं तिनं विचारायच्या आत पान उलटते.