मोठ्या काचेचा चष्मा

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. टाळायला कारणं सापडत गेली. आधी नोकरी, मग संसार, मग ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांची माणसं नागपुरातच राहतात ही अडचण. परवा सून चष्म्याच्या दुकानातून नवा चष्मा घेऊन आली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही तर त्या धंद्यात होता. ही दुकानवाली माणसं चष्मा गळ्यात मारतात का हो?" मी म्हणालो, "सगळे नाही मारत." आणि अर्ध्या ताटावरून उठलो. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या चालू आहेत. सुनेला वाटतं, पोट बिघडलं.

तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे एक माणूस आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. मी त्यांना काकाजी म्हणत असे, तुम्हीही तेच समजा.

"दिसून राहिलं जी, पण पटून नाही राहिलं."

डोळ्यांवर काच चढवली आणि "आता कसं वाटतं?" असं विचारलं की काकाजींचं हे ठरलेलं उत्तर. बाकावर बसले तरी त्यांचे पाय स्थिर नसत. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. जन्म मागावर गेलेला, त्यामुळे बसलं की पाय आपोआप चालायचे. शेजारचं गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, "बाक हलून राहिला ना काका." काकाजी म्हणायचे, "तुमी बी हालवा जी, मंग नाही समजत."

पाचपावलीकडच्या एका गल्लीत ते लुगडी विणत. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर आमचं दुकान, आणि मी तिथला सेल्समन. डोळे तपासणाराही मीच. शिकलेलो काही नव्हतो. मालक काचा कशा बदलतात ते पाहून पाहून हात बसला, एवढंच. गिऱ्हाइकांना मात्र मी डॉक्टरच वाटायचो, आणि तो गैरसमज दूर करण्याचा पगार मला कोणी देत नव्हतं.

काकाजी पहिल्यांदा आले ते चाळिशी लागली म्हणून. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, मिशा काळ्याभोर, डोक्याला पांढरी टोपी. तक्त्यावरची अक्षरं त्यांना लावता येत नसत, म्हणून आम्ही सुई-दोरा द्यायचो. दोरा ओवला गेला की काच बरोबर. काकाजींनी सुई घेतली, दोरा ओवला, पुन्हा काढला, पुन्हा ओवला. मग आरशात स्वतःकडे बराच वेळ पाहिलं.

"बाबू, वकील दिसून राहिलो का गा मी?"

"जज्ज दिसता, काकाजी."

"जज्ज नको. जज्जाले बोलता येत नाही. वकीलच ठेव."

त्या दिवसापासून ते आमचे झाले. चष्मा लावून गल्लीत हिंडायचे. कोणाला धागा दिसेनासा झाला, कोणाचं डोकं दुखलं, की त्याच्या दंडाला धरून दुकानात आणायचे. "या बाबूले डोये दाखव. देवमाणूस आहे." मालक त्यांना खास चहा मागवायचे. चहा येईपर्यंत काकाजी नव्या गिऱ्हाइकाला धीर द्यायचे. तो धीर आमच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त काम करायचा.

आता मालकांविषयी. ते वाईट नव्हते. पण छप्पन साली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि कचेऱ्यांमधले कारकून कुटुंबकबिल्यासह तिकडे निघून गेले. चष्मा लागतो तो मुख्यतः कारकुनाला. दुकान ओस पडलं. मालक दारात उभे राहून रस्त्याकडे बघत आणि आत येऊन मला म्हणत, "बाकावर बसलेला माणूस तसाच उठून गेला नाही पाहिजे." तसाच उठू नये म्हणून काय करायचं तेही त्यांनीच शिकवलं. आधी थोडी चुकीची काच घालायची. माणूस डोळे बारीक करतो. मग बरी काच घालायची. ती त्याला आहे त्याहून कितीतरी बरी वाटते. "आता?" असं हळू आवाजात विचारायचं. "पाहा बरं, किती फरक आहे," असं आपण म्हणायचं नाही, त्याच्याकडून वदवायचं. जुन्या काचा चांगल्या असल्या तरी उजेडाकडे धरून नुसतं 'च्' करायचं. मी हे सगळं करत असे, आणि चांगलं करत असे. खोटं कशाला बोलू, त्यात मजाही यायची.

काकाजी पुन्हा आले. नंबर बदलल्यासारखा वाटतो म्हणाले. मी बदलून दिला. काही महिन्यांनी परत तेच. "दिसून राहिलं जी, पण पटून नाही राहिलं." मी पुन्हा बदलून दिला.

या सुमारासच रामदासपेठेतले एक डोळ्यांचे डॉक्टर स्वतःच्या चष्म्याची काडी बसवून घ्यायला दुकानात आले. सडसडीत, कमी बोलणारे. मी काडी बसवत असताना म्हणाले, "एक काम करा. सारखा सारखा नंबर बदलायला येणारा कोणी असेल, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणत असेल, तर त्याला काच विकू नका. माझ्याकडे पाठवा. काचबिंदू असतो तो. वेळेत आला तर नजर वाचते, उशीर झाला तर मी काही करू शकत नाही. पैसे नसले तरी पाठवा."

मी "हो" म्हणालो. समजून म्हणालो. हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकाजी आले ते दारातल्या सायकलीला धडकून. सायकल पडली, हेही पडले, आणि पडल्यापडल्याच सायकलवाल्याला म्हणाले, "काहून गा, दारात ठेवतात का सायकल?" सायकल दाराच्या चांगली बाजूला होती.

बाकावर बसले. "बाबू, समोरचं दिसते. कडेचं नाही दिसत. धोटा इकडून फेकला का तिकडच्या हातात सापडत नाही. कालपासून चार डाव खाली पडला. घरवाली हासते."

विणणाऱ्याचा धोटा म्हणजे काय, हे नागपुरात सांगायला नको. एका हातानं आडव्या धाग्याचा धोटा ताण्यामधून फेकायचा आणि दुसऱ्या हातानं झेलायचा, दिवसभर. तो ज्याच्या हातातून निसटू लागला त्याचं पोटच निसटू लागलं.

"आणखी काही होतं का?" मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे.

"रातच्याले कंदिलाले गोल दिसते जी. इंद्रधनुष्यावानी. लाल, हिरवा, निळा. लय साजरं. म्या घरवालीले म्हटलं, असा काठ कोणी इणला तं इतवारीचा सारा बाजार मांगं लागन." आणि ते हसले. "डोक्श्यात ठणका बी असते, पण ते होईन बंद."

मी मालकांकडे पाहिलं. मालकांनी ऐकलं होतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. ते कपाटाजवळ उभे होते. सकाळपासून एकही चष्मा विकला गेला नव्हता. मला बाकावरचा माणूस दिसत होता, तो रिकामा उठून जाणार होता, आणि मी बोललो.

"काकाजी, कंदिलाच्या धुरानं काचा माखतात. पुसत जा. आणि कडेचं दिसत नाही म्हणता, तर तुमची काच लहान आहे. मोठ्या काचेची फ्रेम घ्या."

माझं बोलणं काकाजींना लगेच पटलं. त्यांना हेच तर हवं होतं. लहान खिडकीतून कमी दिसतं, मोठ्या खिडकीतून जास्त, इतकं सोपं. ते म्हणाले, "बराबर बोलला गा. एवढं साधं, मले नाही सुचलं." मी दुकानातली सगळ्यांत मोठी फ्रेम काढून दिली. निम्मा चेहरा झाकला गेला. आरशात पाहून म्हणाले, "गल्लीतले पोट्टे घुबड म्हणतीन." आणि तसंच झालं. पोरं घुबड म्हणायची, आणि हे दोन्ही हात पसरून त्यांच्या मागे लागायचे. वळता वळता भिंतीला घासायचे, तेही पोरांना खेळच वाटे.

पाय त्यांचे त्या दिवशीही चालू होते. मोठी फ्रेम लावून, पाय हलवत, समाधानानं बसलेले काकाजी. सगळ्यांत जास्त मला हेच आठवतं, आणि हेच आठवायला नको असतं.

पुढचं लवकर सांगतो. मोठी काच कामाला आली नाही. येणारच नव्हती. शेवटी त्यांच्या बायकोनं कोणाचंही न ऐकता त्यांना रिक्षात घालून रामदासपेठेत नेलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की फार उशीर झाला आहे, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं राखता आलं तर बघतो. शस्त्रक्रिया केली. राहिलेलंही राहिलं नाही.

गल्लीत एकच गोष्ट पसरली. पट्टी बांधायच्या आधी माणूस चालत गेला होता, पट्टी काढल्यावर हात धरून आणावा लागला. डॉक्टरनं डोळे फोडले. काकाजीही तेच म्हणत. त्या बाजूचे लोक डॉक्टरांच्या दवाखान्यात जायचे बंद झाले. डोळ्यांना काही झालं की ते आमच्या दुकानात येऊ लागले.

डॉक्टर एकदा मला सीताबर्डीच्या चौकात भेटले. सायकलवरून उतरले. म्हणाले, "तो पाचपावलीचा विणकर. तुमचाच चष्मा होता त्याच्या नाकावर. दिव्याचं काही बोलला होता का तुमच्याजवळ?"

मी म्हणालो, "नाही."

ते सायकलवर बसून गेले. दुकानाचं नाव त्यांनी कुठेही घेतलं नाही. घेतलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.

आता त्या दिवसाबद्दल, जेव्हा मी माफी मागायला गेलो. वाक्य घरून ठरवून निघालो होतो. पाचपावलीला पोचेपर्यंत ते किती वेळा बदललं, सांगता येत नाही. दोनदा वाट सोडून उगाच दुसऱ्या गल्लीत शिरलो. घरात त्यांची बायको मागावर बसली होती आणि काकाजी बाजूला बसून धोट्यासाठी कांड्यांवर सूत भरत होते. विणणं आता तिच्याकडे होतं, आणि तिचं एरवीचं काम त्यांच्याकडे. मी दारात "काकाजी" म्हणालो मात्र.

"बाबू आला वं! चहा ठेव."

बाई उठली. माझ्याकडे तिनं पाहिलं, ते नेहमीचं पाहणं नव्हतं. तिला काही ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. चहा दिला, साखर बेताची घातली होती, आणि ती पुन्हा मागावर जाऊन बसली.

काकाजी बोलतच होते. सीताबर्डीवर कोणती दुकानं नवी झाली, राजधानी परत यायची काही बातमी आहे का, मालकाची पोरगी दिली का कुठं. मी बोलायला तोंड उघडायचो, तेवढ्यात त्यांचा पुढचा प्रश्न यायचा. मग एकदा ते थांबले. कांडी हातात तशीच धरून म्हणाले, "बाबू, तुले समजते यातलं. खरं सांग. त्या डाक्टरनंच केलं न हे?"

माग थांबला. बाई ऐकत होती.

मी म्हणालो, "आता काय बोलायचं, काकाजी."

माग पुन्हा सुरू झाला.

मी निघालो तर ते सोबत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून, गल्लीच्या टोकापर्यंत. म्हटलं, इथे सांगू, इथे बाई नाही. तेवढ्यात शेजारचा एक माणूस भेटला. डोळे लाल, पाणी गळत होतं. काकाजींना कसं कळलं कोण जाणे, बहुधा आवाजावरून. त्याला म्हणाले, "अजून दुखून राहिले का गा डोये? दवाखान्यात नको जाऊ, माह्यावानी करून घेशीन. हा आपला बाबू. याच्याकडे जाय."

त्या माणसानं मला विचारलं, "दुकान कुठं पडते जी?"

आणि मी पत्ता सांगितला.

काकाजींचा हात माझ्या खांद्यावरच होता. त्यांनी तो जरा दाबला, जसा आपल्या माणसाचा दाबतात, आणि म्हणाले, "येत जाय." मी पुन्हा गेलो नाही. पुढे ते वारले, डॉक्टरही वारले, आणि त्या गल्लीत अजूनही कोणी जुनं माणूस असेल, तर ते डॉक्टरांनाच दोष देत असेल. तो दोष त्यांचा नाही, हे इथे लिहून ठेवतो. आणि गल्लीच्या टोकाशी जे बोलायचं होतं, तेही:

काकाजी, डॉक्टरांनी काही केलं नाही. तुम्ही वेळेवर सांगितलं होतं, मला समजलं होतं, आणि मी तुम्हाला चष्मा विकला. मला माफ करा.