पाठीवरची रेघ

कोल्हारला आमच्या दारात समंद घोडा नाही, असं कधी झालं नव्हतं. समंद म्हणजे मातकट पिवळं अंग, काळी आयाळ आणि तिथून शेपटीपर्यंत पाठीवर काळी रेघ. आमचा घोडा गेला तेव्हा घोडी त्याच्यापासून गाभण होती. घोडी मात्र कुमैत, तांबडी. सासरे, म्हणजे आबा, तेव्हाच म्हणाले, "शिंगरू समंद निघालं तर ठेवू. न्हाईतर मायलेकरं राहात्याला व्याह्यांकडं धाडू. नुस्तं दावणीला बांधायला घोडं कशाला?" मला धस्स झालं. त्या घोडीचं वैरणपाणी मीच करत होते.

शिंगरू झालं. अंग मातकट, पाठीवर रेघ. तरी आबा गप्प. मागं एकदा त्यांनी अशीच रेघ बघून गावभर पेढे वाटले होते. जावळ गळालं तशी रेघही गेली आणि खालून निघालं तांबडंलाल कुमैत! लोक अजून चिडवतात, "आबा, पेढे कधी?" तेव्हापासून घरात नेमच पडला. जावळ गळेपर्यंत रंगाचं नाव काढायचं नाही. मग घरातल्या थोरल्यानं शिंगराच्या पाठीवर हात ठेवून चारचौघांत रंग सांगायचा.

पण मी कसली गप्प बसते! कुमैत शिंगराची रेघ धुरकट असते, कडेला अंगात विरून जाते. ह्याची रेघ लुगड्याच्या काठासारखी स्वच्छ उठलेली. शिवाय गुडघ्यांवर आडवे पट्टे. आबांना चहा देता देता मी बोलून गेले, "समंदच आहे हो."

"तोंड आवर!" आबा कडाडले.

नवरा हसला, "लई कळतंय बाईला."

"कळतंयच," मी म्हटलं. पण खरारा करताना केसांचे पुंजके हातात यायला लागले तशी माझीच पाचावर धारण बसली. रोज आधी रेघ बघायची, मग चूल पेटवायची.

जावळ पुरतं गळालं त्या दिवशी राहात्याचे व्याही, माझ्या नणंदेचे सासरे, टेम्पो घेऊनच आले. शेजारीपाजारी जमले. रेघ होती! आधीपेक्षा काळी, आणि पायांवरचे पट्टेही तसेच. आबा शिंगराजवळ गेले, हात उचलला आणि थांबले.

"सूनबाई, हिकडं ये. तू ठेव हात."

"आबा, थोरल्यानं ठेवायचा ना?"

"घोड्यांच्या बाबतीत ह्या घरात आता थोरली तूच."

मी पदर खोचून पुढं झाले. पाठीवर हात ठेवून असं ठणकावून "समंद!" म्हणाले, की घोडीनं कान टवकारले. टेम्पो रिकामा गेला. संध्याकाळी पेढे मी वाटले, आणि पहिला पेढा चिडवणाऱ्यांच्या दारात नेऊन दिला.