बोअरचं पिवळं पाणी

तमिळ मुलखातल्या अंबत्तूरच्या त्या घरात राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बोअरचं पाणी पिवळं दिसायला लागलं. पांढऱ्या बादलीत भरलं की लिंबाचं सरबत वाटावं, इतकं. चव मी घेतली नाही. पण भांडी त्याच पाण्यानं घासायची, त्यामुळे बोटांच्या बेचक्यांत चट्टे उठले. डॉक्टरांनी साबण बदलायला सांगितला. साबण तीनदा बदलला, चट्टे तसेच.

माझे यजमान जवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात नोकरीला. ते म्हणाले, "पाइप गंजला असेल." मला ते पटलं नाही. आमच्या परसाच्या भिंतीपलीकडे प्लेटिंगची शेड होती. मोटारींच्या सुट्या भागांना चकचकीत मुलामा द्यायचं काम. वास यायचा, गटारातून कधी हिरवट पाणी जायचं. त्या दिवसापासून मी भिंतीला कान लावून असायची. रविवारी तिथं पंप चालू झाला, की चोरून पाणी सोडतात की काय म्हणून मी घड्याळ बघायची. एकदा स्टुलावर चढून पलीकडे डोकावत होते, तर शेडचे मालक खालूनच म्हणाले, "अम्मा, पडाल. दारानं या ना."

मी गेले. पन्नाशीचे, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. त्यांनी सांडपाणी साफ करायची टाकी दाखवली, गाळाची पोती दाखवली, ती न्यायला ट्रक येतो म्हणाले. कॉफी मागवली. मी पेल्याला हात लावला नाही.

"कॅनचं पाणी आहे," ते शांतपणे म्हणाले.

तेवढ्यानं माझा संशय आणखी वाढला. यांना बोअरचं पाणी का चालत नाही?

मग मी तीन बाटल्या घेतल्या. एक बोअरच्या पाण्याची, एक शेडच्या गटाराची, एक कोपऱ्यावरच्या घरातल्या बोअरची. अड्यारला एका खासगी प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "परसातली मातीही आणा. वरची वेगळी, हातभर खोलीची वेगळी." खणताना खाली पिवळट-हिरवे गोळे लागले. खडू ओला करून चुरावा तसे. मला वाटलं, झिरपून आलेलं असणार. पुरावा सापडला म्हणून मला, खरं सांगते, आनंद झाला.

अहवाल आला. बोअरच्या पाण्यात क्रोमियम होतं, मुलामा द्यायला वापरतात तो विषारी धातू. गटारात त्याहून कमी. कोपऱ्यावरच्या बोअरमध्ये जवळजवळ नाहीच. सगळ्यात जास्त होतं ते खोलवरच्या मातीत.

"ही जागा आधी काय होती?" बाईंनी विचारलं.

ते सांगू शकणारं माणूस एकच, वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई. तंजावरकडच्या, जुन्या वळणाचं मराठी तमिळ हेलात बोलायच्या. परमुलखात आपली भाषा कानावर पडते, एवढ्याच आनंदात मी हे घर भाड्यानं घेतलं होतं. मी त्यांना मामी म्हणायची, त्या मला पोरी. मी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचलाच नाही.

"पळ्ळम होतं इथं," त्या म्हणाल्या. "खड्डा. पाणी साचायचं. आमचे हे इंडस्ट्रियल एस्टेटीतल्या कंपनीत सुपरवायझर. तिथली माती फुकट मिळत होती. लॉरीवर लॉरी आणून भरली, वर घर बांधलं."

"माती, की गाळ?"

त्यांनी अहवाल माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाल्या, "मी बोअरचं पाणी पीत नाही गं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

मी खाली आले आणि स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. परसातली पालेभाजी दोन वर्षं आम्ही खाल्ली होती. मामींना जुडी द्यायला गेले की त्या हसून घ्यायच्या. त्या जुड्यांचं काय व्हायचं, ते मी विचारलं नाही.

प्रदूषणाच्या ऑफिसात तक्रार दिली. साहेब आले आणि सरळ शेडकडेच वळले. त्यांना परत बोलावून परस दाखवावं लागलं. नंतर मी शेडच्या मालकांची माफी मागितली. "संशय घेणाऱ्या तुम्ही एकट्या नाही," ते म्हणाले. खरं तर त्या दिवशीही त्यांच्या टाकीची स्वच्छता मला जरा जास्तच वाटली.

आम्ही घर सोडलं. सामान चढवत असताना एक तरुण जोडपं घर बघायला आलं, नागपूरकडचं, दोघंही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, शोळिंगनल्लूरच्या आयटी कंपनीतली. इतक्या लांब घर का, तर मामींच्या मराठीसाठी. मी मुलीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. "तुम्हाला हे घर दुसऱ्या कुणाला द्यायचंय का?" तिनं विचारलं.

मी अहवालाची प्रत तिच्या हातात दिली. तिनं मोबाइलवर फोटो काढला, नवऱ्याला हाक मारली आणि दोघं गेली. मामी वरच्या गॅलरीत उभ्या होत्या. मी वर पाहिलं. त्यांनी वाळत घातलेलं लुगडं काढलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.