टार्प्लीचा शब्द

अमेरिकेच्या दक्षिणेत, कूसा नदीकाठी लेम्युएल टार्प्लीची कापसाची पेढी होती. गठ्ठ्यातून चिमूटभर कापूस ओढायचा, बोटांत ताणून बघायचा आणि भाव बोलायचा. एकदा बोलला की बोलला; दुपारी बाजार पडला तरी सकाळचा शब्द फिरवायचा नाही. "टार्प्लीचा भाव आणि मरण, दोन्ही टळत नाहीत," असं शेतकरी हसून म्हणायचे. गुलामही त्याने असेच एका शब्दात विकत घेतले होते आणि त्यापायी त्याची झोप कधी उडाली नव्हती.

दक्षिणेची राज्यं फुटून निघाली तेव्हा त्याने पदरचे पैसे घालून पलटण उभी केली. घोडे त्याचे, बूट त्याचे, म्हणून कर्नलही तोच. वरचे दोघे अधिकारी लढाईत पडल्यावर जनरल झाला. युद्धातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हा माणूस बोलल्याप्रमाणे वागतो म्हणून गावची पोरं डोळे मिटून त्याच्यामागे गेली. माणसं विकत घेता यावीत म्हणून ही लढाई आहे, हे मात्र गावात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

दक्षिण युद्ध हरली. सुटलेले गुलाम नदीपलीकडे गेले, एकानेही मागे वळून पाहिलं नाही. टार्प्ली पेढीवर परतला.

दर वसंतात गाव लढाईत पडलेल्या पोरांच्या कबरींवर फुलं वाहायचं, मग ओकच्या झाडांखाली चादरी अंथरून जेवायचं. जेवणाआधी जनरलचं भाषण, आणि भाषणानंतर त्याला पहिला घास वाढायचा मान स्ट्राउडबाईंचा. त्यांचा एकुलता एक मुलगा एसा त्याच्याच हुकमाने टेकडीवर चढला होता आणि तिथेच राहिला.

एका वर्षी भाषणाला निघालेल्या टार्प्लीला बाईंनी अडवलं.

"जनरल, खरं सांगा. पोरांना त्या टेकडीवर धाडायलाच हवं होतं का?"

"भाषणात सांगतोच की, बाई."

"भाषण मला पाठ आहे."

टार्प्लीला ती सकाळ आठवली. समोर तोफा आल्याची खबर घेऊन स्वार आला होता. पोरं अजून झाडीतच होती, परत बोलावता आली असती. "हुकूम गेलाय," एवढंच तो म्हणाला होता.

तो लोकांपुढे जाऊन उभा राहिला.

"पोरं कारणी लागली, असं मी दरवर्षी म्हणतो," तो म्हणाला. "ते मी मागे घेतो. तोफा आल्याचं मला कळलं होतं. हल्ला थांबवता येत होता. हुकमाचा शब्द तोंडातून गेला होता, म्हणून नाही थांबवला."

त्याला फार हलकं वाटलं आणि त्याची लाजही वाटली. रिकामं ताट घेऊन तो बाईंच्या चादरीपाशी गेला. कोंबडीच्या रश्श्यात त्यांचा डाव होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे शब्द फिरवता येतो तुम्हाला," त्या म्हणाल्या, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.