पुरणयंत्राची जाळी

दिवाळीच्या आधी सुनेनं स्वयंपाकघर आवरायला काढलं आणि दुपारपर्यंत अंगण भांड्यांनी भरून गेलं. तळ गेलेला कुकर, दांडी तुटलेला तवा, साबणाच्या पुड्यांवर फुकट आलेल्या प्लास्टिकच्या वाट्या, झाकणं नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. एवढं सगळं त्या लहानशा खोलीत मावत होतं, याचंच मला नवल वाटलं.

सून एकेक वस्तू पोत्यात टाकायची आणि माझी बायको तीच वस्तू पोत्यातून परत काढायची.

"आत्या, ह्या डब्याला भोक पडलंय."

"शेंगदाणे ठेवू त्यात. शेंगदाणे काय गळत्यात का?"

मी ओसरीवर बसून हसत होतो. पुरणयंत्र बाहेर आलं आणि माझं हसू थांबलं.

शिजलेली डाळ वरून घालायची, दांडा फिरवायचा, की खालच्या जाळीतून मऊ पुरण उतरतं, असं ते यंत्र. बायकोनं लग्नात माहेराहून, जवळच्याच वाशीहून आणलेलं. त्याची जाळी मात्र कित्येक वर्षांपासून नव्हती. आमच्याकडं पुरण आता मिक्सरमधूनच निघतं.

"जाळीच न्हाय तर ठेवायचं कशाला?" सुनेनं विचारलं.

"जाळी तुझ्या थोरल्या सासूच्या घरात हाय. वाटणीच्या वेळी दडपली तिनं." बायको शांतपणे म्हणाली. "तू नवी हाईस म्हणून सांगते. त्या घरात आपली वस्तू द्यायची न्हाय. गेलेली परत येत न्हाय."

सुनेनं मान हलवली. तिची ती हललेली मान बघितली आणि मला बसवेना. थोरल्या वहिनींवरचा आळ आता पुढच्या पिढीत चालला होता, आणि तो माझ्यामुळं लागलेला होता.

तेव्हा आम्ही दोघं भाऊ एकत्र राहत होतो. उन्हाळ्यात विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून मोटार सारखी बंद पडायची. तोंडाला बसवायची गाळणी गंजून गेलेली. मला पुरणयंत्राची जाळी आठवली. दुपारी सगळ्या निजलेल्या असताना ती काढून नेली आणि तारेनं पाइपाला बांधली. इतकी नामी बसली की मी स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी सोडवायला गेलो तर तार सुटलेली, जाळी गाळात.

कळंबच्या बाजारातून दुसरी आणून ठेवू, कुणाला कळणारसुद्धा नाही, असं ठरवलं. तेवढ्यात वाटणी झाली. नव्या चुलीवर पहिल्यांदा पुरण घालताना बायकोला जाळी सापडेना. यंत्र शेवटी घासून ठेवलं होतं वहिनींनी. मग दुसरं कोण असणार? बायकोनं ही गोष्ट माहेरी सांगितली, माझ्या बहिणींना सांगितली. तेव्हापासून सणाला दोन्ही घरांतून भजी-कुरडया इकडं तिकडं जातात, पुरणपोळी जात नाही. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेलाही आम्ही एकाच दिवशी निघतो, पण दोन जीपांतून.

मी खाली उतरलो. "जाळी वहिनींकडं नाही. विहिरीत आहे."

"विहिरीत कुणी टाकली?"

"मीच."

मी सगळं सांगितलं. बायकोनं हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "जाळी घेतली न्हाय म्हणून थोरल्या आक्कांनी येडेश्वरीची शपथ घेतली, तवा तुमी कुठं होता?"

"तिथंच होतो. चहा पीत होतो."

सून तोंडाला पदर लावून आत पळाली. बायको मात्र हसली नाही. तिनं हात धुतले आणि मला पुढं घालून थोरल्या घरी नेलं.

वहिनी तूर निवडत बसल्या होत्या. "सांगा," बायको म्हणाली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. वहिनींची बोटं सुपात थांबली.

"भावजी, मी देवीची शपथ घेतली होती. पायरीवर डोकं ठेवून."

"चुकलं वहिनी," मी हात जोडले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बायकोकडं वळल्या. "आन् तू बी किती येडी गं! ह्या माणसानं शेतात नेलेली एक तरी वस्तू घरी परत आलीय का? माझी दुधाची गाळणी आठवती?"

"ती मांजरानं नेली म्हणाले होते!"

"मांजर फवारणी करतंय व्हय? ह्यांच्याच पंपाला लावलेली बघितली म्या."

"आन् माझी परात?"

"ती म्हशीपुढं. पेंड खायला."

आधी वहिनी हसल्या, मग बायको. बायको हसता हसता रडायला लागली. माफी मागायची तिला सवय नाही. डोळे पुसून ती एवढंच म्हणाली, "आक्का, माझं निम्मं घर अंगणात पडलंय. काय ठेवावं, काय टाकावं, मला उमजंना. उद्या येता का?"

वहिनींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "सकाळी येते," म्हणाल्या.

खरंच आल्या. वाटणीनंतर त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. आल्या त्या थेट फळीपाशी गेल्या. त्यांनी एक डबा टाक म्हटलं की बायको निमूटपणे टाकायची. ते बघून सून माझ्या कानाशी आली, "मामा, काल ह्याच डब्यासाठी माझ्याशी तासभर वाद घातला होता!"

"भावजी, उभं का राहिलाव?" आतून वहिनींची हाक आली. "पोतं उचला. आन् वाटंत त्यातलं काय शेतात वळवू नका."

मी पोतं पाठीवर घेऊन दारापर्यंत गेलो. मागं एका पितळी तांब्यावरून दोघींची जुंपली होती. एक म्हणत होती माझा, दुसरी म्हणत होती माझा. मोठमोठ्यानं, समोरासमोर. मी पायरीवर पोतं टेकवलं आणि जरा वेळ ऐकत उभा राहिलो.