प्रबोधने ठरवलेली सहल

पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी सिंगापूरला निघालेल्या माणसाच्या हातात कुणीतरी हमखास प्रबोध वाकणकरचा फोन नंबर ठेवायचं. प्रबोध तिथल्या पासिर रिस भागात राहायचा, एका बँकेत होता. कुठल्या घरमालकाला फोडणीचा वास चालतो, मुलांना शाळा कशी मिळवायची, कढीपत्ता ताजा कुठे मिळतो, सगळं त्याला ठाऊक. आणि नुसतं सांगून तो थांबायचा नाही, स्वतः यायचा. नवख्या कुटुंबाबरोबर गाद्यांच्या दुकानात हिंडायचा, वॉशिंग मशीनवाल्याशी हुज्जत घालायचा आणि चहासुद्धा न घेता निघून जायचा. त्याची बायको स्मिता म्हणायची, "याला एक दुपार रिकामं बसवून दाखवा. ताप येईल याला."

उल्हास देवस्थळी असाच त्या नंबरावरून त्याच्याकडे आला. नाशिकचा, सॉफ्टवेअरमधला, अंगाने भरलेला आणि भारी नकलाकार. सेंगकांग भागातला फ्लॅट प्रबोधनेच त्याला शोधून दिला होता. इतरांची कामं झाली की ओळख सणावारापुरती उरायची, पण उल्हास चिकटला. दर शनिवारी दोघं हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, कॉफी प्यायला भेटायचे. उल्हास तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची, लिफ्टमधल्या चिनी आजीबाईंची, खुद्द प्रबोधची नक्कल करायचा. जीभ जड होऊन कोसळणाऱ्या माणसाची त्याची नक्कल तर इतकी हुबेहूब होती की एकदा शेजारच्या टेबलावरचा माणूस धावत आला होता.

प्रबोध दर वर्षी जूनच्या सुट्टीत चार-सहा मराठी कुटुंबांची सहल काढायचा. २०१६ साली त्याच्या मनात भरलं ते इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरचं एक जुनं गाव. ज्वालामुखींनी घडलेलं बेट, त्यात आत डोंगरावर, रस्ता संपल्यावर रानातून चढत जायचं. पिढ्यान् पिढ्या तीच माणसं, गवताने शाकारलेली टोपल्या पालथ्या घातल्यासारखी उंच गोल घरं, आणि ढग अंगणात उतरलेले. फोटो पाहूनच तो वेडा झाला. प्रबोध मूळचा वाईचा. कॉलेजात असताना एक किल्ला सोडला नव्हता, आणि सिंगापुरात डोंगर म्हणायचा तो बुकिट तिमाह, जिथे चढ लागतोय म्हणेपर्यंत माथा येतो. "अरे, आपला सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच," तो ज्याला त्याला सांगायचा. "हे म्हणजे माहेरी गेल्यासारखं होईल."

पण या वेळी एकेक कुटुंब गळायला लागलं. कुणाचे गुडघे, कुणाचं लहान मूल, कुणाला तिथे रेंज नाही हेच नको. शेवटी प्रबोध म्हणाला, "जाऊ दे, रद्द करतो."

"रद्द कशाला?" उल्हास म्हणाला. "आम्ही तिघं येतो. तू एवढा जीव टाकतोयस त्या गावावर."

"तुला झेपेल?"

"न झेपायला काय झालं? पोट जरा उतरेल. उल्का खूश होईल."

उल्हासला रक्तदाबाची गोळी चालू होती, हे प्रबोधला ठाऊक होतं. गोळी तर बँकेत त्याच्या शेजारी बसणारे निम्मे लोक घेत होते.

तर असे दोन कुटुंबांतले पाच जण निघाले. प्रबोध आणि स्मिता, उल्हास आणि उल्का, आणि त्यांची पंधरा वर्षांची गार्गी. बालीहून छोट्या विमानाने जाताना खाली एकामागून एक ज्वालामुखीचे सुळके दिसत होते. पुढे गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथून मार्टिनुस नावाच्या वाटाड्याबरोबर पायी. वाट रानातून, निसरडी, एका बाजूला दरी. गार्गी अर्ध्या वाटेतच बसली आणि आता होत नाही म्हणून सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरली. "काका, सम मोअर किती? कॅनॉट ऑलरेडी लाह!" उल्हास धापा टाकत तिचीच नक्कल करून दाखवत होता. थांबायचा, कमरेवर हात ठेवून हसायचा, पुन्हा चालायचा. प्रबोध पुढून ओरडायचा, "चल रे, आलंच!"

आणि ते आलं. रान एकदम संपलं आणि खाली हिरव्या वाटीत ती घरं दिसली. छपरांतून धूर निघत होता, अंगणात कॉफीच्या बिया वाळत घातल्या होत्या. गावाच्या रिवाजाप्रमाणे आधी मोठ्या घरात जाऊन म्हाताऱ्या प्रमुखाला भेटले. त्याने पूर्वजांना पाहुण्यांची वर्दी दिली. संध्याकाळी चटयांवर बसून लाल भात खाल्ला. उल्हास म्हणाला, "प्रब्या, मान गए. इतक्या वर्षांत तू ठरवलेली सगळ्यात भारी गोष्ट." प्रबोधने काहीतरी टोला मारला, पण मनातून तो फुलून गेला होता.

सकाळी धुकं इतकं दाट होतं की समोरचं घर दिसेना. उल्हास दाराशी पायरीवर बसून कॉफी पीत होता. प्रबोध त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "काय राव, झोप लागली का?"

उल्हासने त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलला. तोंडात भाताचा घास धरून बोलावं तसं. हातातला कप घरंगळत खाली गेला.

प्रबोध हसला. चांगला मोठ्याने हसला. "सकाळी सकाळी सुरू झालास?"

उल्हास पुन्हा तसंच काहीतरी बोलला. आतून गार्गी आली, बापाच्या समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, बाबांचं तोंड बघा ना. असं का झालंय?"

तेव्हा प्रबोधला दिसलं. ओठांची उजवी कड खाली ओघळली होती. उजवा हात मांडीवर कुणा दुसऱ्याचा असावा तसा पडला होता. हा अर्धांगाचा झटका आहे हे प्रबोधला लगेच कळलं. बँकेत डॉक्टर येऊन भाषण देऊन गेले होते. अशा वेळी मिनिटं मोजायची असतात, ताबडतोब अँब्युलन्स बोलवायची असते. पासिर रिसला असता तर त्याने फोन ठेवेपर्यंत खाली भोंगा ऐकू आला असता.

त्याने फोन काढला. रेंज नव्हती. नसणारच होती, त्यानेच सगळ्यांना कौतुकाने सांगितलं होतं. तरीही तो फोन डोक्यावर धरून चढावर पळत गेला, तिथून दुसऱ्या टेकाडावर, धुक्यात, घसरत, पडत. कुठेच काही नाही. परत आला तोवर उल्कावहिनींनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्या रडत नव्हत्या. "उल्हास, झोपू नको हं. माझ्याकडे बघ," एवढंच परत परत म्हणत होत्या.

मार्टिनुसने गावात हाक दिली. माणसं जमली. कुणी लांब बांबू आणला, कुणी जाड विणलेली वस्त्रं, आणि बघता बघता झोळी तयार झाली. उल्हासला तीत ठेवलं. तेवढ्यात तो म्हातारा प्रमुख काठी टेकत आला. त्याने उल्हासच्या कपाळावर हात ठेवला आणि सावकाश काही म्हणायला लागला. बांबू धरलेली माणसं मान खाली घालून उभी राहिली.

"अरे, हे काय चाललंय? चला ना!" प्रबोध मराठीतच ओरडला. "हरी अप! प्लीज! वेळ जातोय!"

कुणी मान वर केली नाही. स्मिताने त्याचा दंड घट्ट धरला. म्हाताऱ्याचं म्हणणं तसं थोडक्यातच आटोपलं असेल, पण प्रबोधला ते संपता संपेना. मग ती माणसं उचलून निघाली ती थेट पळायलाच लागली. अनवाणी, त्या निसरड्या उतारावर.

प्रबोध धावत पुढे गेला आणि एकाच्या खांद्यावरून बांबू घ्यायला लागला. मित्राला आपण खांदा द्यायचा नाही तर कुणी, असं त्याला झालं होतं; आणि खांदा देणं हा शब्द मनात येताच तो चरकला. दहा-वीस पावलं गेला असेल नसेल, त्याचा पाय सटकला. झोळी हिंदकळली, आतून उल्हास कण्हला. मार्टिनुसने त्याच्या खांद्यावरून बांबू काढून घेतला. रागाने नव्हे. लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा.

"पाक," तो म्हणाला. तिकडे साहेब म्हणायला पाक म्हणतात. "यू वॉक बिहाइंड. प्लीज."

म्हणून प्रबोध मागे चालला. झोळी वळणावर दिसेनाशी व्हायची, पुन्हा दिसायची. उल्कावहिनी तिच्या बाजूने कापड धरून पळत होत्या, गार्गी त्यांच्या मागे. कॉलेजात किल्ले पालथे घालणारा तो माणूस झाडं धरत धरत उतरत होता, आणि मागून येणारी स्मिता त्याला हात देत होती. आख्खा उतार त्याच्याकडे करायला काही म्हणजे काही नव्हतं.

पायथ्याच्या दवाखान्यात एक भली नर्स होती. तिने रक्तदाब पाहिला आणि डोळे मोठे केले. मेंदूचं चित्र काढायचं यंत्र तिथे नव्हतं, गाडीने घाट चढून गाठलेल्या गावातही नव्हतं. तिथे मात्र रेंज आली आणि प्रबोध फोनला भिडला. विम्याची कंपनी, विमानाची कंपनी, ओळखीचे डॉक्टर, ओळखीच्यांच्या ओळखीचे. प्रत्येक जण नाव, जन्मतारीख, पॉलिसीचा नंबर विचारायचा आणि थांबा म्हणायचा, मग गाणं लागायचं. दुसऱ्या दिवशी बालीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी चित्रं पाहिली आणि हळू आवाजात सांगितलं, मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध वेळेत द्यायचं असतं, ती वेळ केव्हाच टळलीय. जीव वाचेल.

जीव वाचला. सिंगापूरला आणल्यावर काही आठवडे इस्पितळ, मग घर. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं. बोलायला जायचा तर "ते... ते..." एवढंच यायचं, मग डोळे भरायचे आणि तो भिंतीकडे तोंड करायचा.

प्रबोध कामाला लागला. व्हीलचेअर आणली, बाथरूमला कठडे बसवले, व्यायाम करून घेणारी बाई शोधली, ती आवडली नाही म्हणून दुसरी शोधली. बोलायला शिकवायचं म्हणून चित्रांची कार्डं आणली. ऑफिस सुटलं की थेट सेंगकांग. एक दिवस तो खिडकीशी पलंग कसा सरकवता येईल याची मापं घेत असताना उल्कावहिनी आतून आल्या.

"भाऊजी, आता बस करा."

"अहो वहिनी, उजेड येईल त्याला. मी उद्या दोन माणसं आणतो..."

"नको. काही आणू नका." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही आलात की घरात नुसती धावपळ होते. तो बघत राहतो तुमच्याकडे. मग तुम्ही गेलात की रडतो. यायचं तर नुसते या. त्याच्याजवळ बसा."

प्रबोध खुर्चीवर बसला. टेप गुंडाळून खिशात ठेवली. उल्हास त्याच्याकडे बघत होता. बोलायचं काय, कळेना. इतकी वर्षं बोलायचं काम उल्हासनेच केलं होतं, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो बसला, पंख्याकडे पाहत, आणि अंधार पडायच्या आत उठून निघून गेला. तरी पुढच्या शनिवारी परत आला.

उल्हासच्या कंपनीने बरेच महिने सांभाळून घेतलं. पण काम करता येत नाही म्हटल्यावर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीवरचा राहण्याचा परवाना, राहणार कसा, आणि त्याच्या पासवर बायको-मुलगी. प्रबोधने ओळखी काढल्या, अर्ज लिहिले, दोन वकिलांना भेटला. दोघांनी एकच उत्तर दिलं, परत जावं लागेल. उल्कावहिनींनी ते त्याच्या आधीच स्वतःला दिलं होतं. नाशिकला त्यांचा भाऊ होता, तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. गार्गीची ओ लेव्हलची, म्हणजे तिथल्या दहावीची परीक्षा वर्षावर आली होती. ती सोडून जायचं ठरलं.

सामान बांधायच्या दिवशी प्रबोध आणि स्मिता मदतीला गेले. प्रबोध गार्गीच्या खोलीत तिच्या पुस्तकांची खोकी चिकटपट्टीने बंद करत होता. ती पलंगावर पाय वर घेऊन बसली होती.

"काका, एक विचारू?"

"विचार ना."

"आपण इथे असतो, घरी, तर बाबा ठीक झाले असते ना?"

प्रबोधच्या हातातली पट्टी अर्धवट राहिली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. डॉक्टरही म्हणाले होते, खात्रीने काही सांगता येत नाही, झटका कुठेही येऊ शकतो, घरीसुद्धा झोपेत आला असता. हे सगळं तो स्वतःला रोज सांगत होता. पोरगी त्याच्याकडे नजर न हलवता बघत होती.

"हो," तो म्हणाला. "बहुतेक झाले असते."

गार्गीने मान हलवली. "थँक यू. आई म्हणते असं काही नसतं. ऑल्वेज म्हणते." मग ती उठली आणि खोक्याची दुसरी बाजू दाबून धरली, म्हणजे त्याला पट्टी लावता यावी. दोघांनी सगळी खोकी बंद केली.  तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं प्रबोधला घरी जाताना मेट्रोत वाटत राहिलं. 

ती तिघं नाशिकला गेली. पुढच्या वर्षी मंडळातल्या कुणीतरी सहलीचं विचारलं, तेव्हा प्रबोध म्हणाला, "तुम्ही ठरवा, मी येईन." आणि गेला नाही.

आता रविवारी सकाळी तो नाशिकला व्हिडिओ कॉल लावतो. उल्हासला आता थोडे शब्द येतात. "चहा", "गार्गी", "नको" हे स्पष्ट येतात; "प्रबोध" अजून येत नाही. उल्कावहिनी फोन उशीला टेकवून ठेवतात आणि स्वयंपाकघरात जातात. प्रबोध सांगतो, इकडे पाऊस आहे, स्मिताची पाठ दुखतेय, लिफ्ट दोन दिवस बंद होती. मग त्याचं सांगणं संपतं. तिकडून उल्हास बघत असतो, इकडून हा. पडदा काळा होऊ नये म्हणून प्रबोध मधूनच बोट लावतो. परवा दोघं असेच कितीतरी वेळ बसले होते. कॉल कुणीच बंद केला नाही. शेवटी उल्कावहिनी हात पुसत आल्या, फोन उचलला आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्याला आता कुशीवर वळवायचंय. ठेवू?"

"हो, हो, ठेवा," प्रबोध म्हणाला.