बारकीचा तिसरा रिपोर्ट

पूल संपला तरी बारकीची मान खालीच होती. हॉस्पिटलपासून घर चांगलं दीड तासाच्या चालीवर. निघतानाच बस समोर उभी होती, पण बारकी म्हणाली, "चालतच जाऊ या, वहिनी." माझ्या चपला नव्या होत्या, तरी मी हो म्हटलं. तिच्या पिशवीत रिपोर्ट होता आणि तो चांगला आला होता. मी मनातल्या मनात देवाचे आभारही मानले होते. ती मात्र नापास झालेली पोर घरी निघावी तशी चालत होती.

बारकी म्हणजे माझी धाकटी नणंद. वय चव्वेचाळीस, पण भावंडांत शेवटची म्हणून बारकी, आणि अंगानंही तशीच. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते. वाचनालयाच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं फाटकी पुस्तकं बांधते. लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस, दोऱ्याची रिळं आणि शेगडीवर मैद्याची खळ. बाजारातला गोंद तिला चालत नाही. "त्यानं चिकटवलेलं पुन्हा सोडवता येत नाही. खळ कशी, पाणी लावलं की ऐकते," असं तिचं म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी तिला सीलिॲक निघालं. पोट कायम बिघडलेलं, रक्त कमी, केस मूठमूठ गळायचे. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्न अंगी लागतं. हिची लव सपाट झाली होती. गव्हाचा कण पोटात गेला की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठत होतं. औषध असं नाहीच. गहू, जव, राय ही धान्यं जन्मभर बंद.

"म्हणजे कापडी बांधणीच्या पुस्तकाची पाठ झिजून गुळगुळीत होते तसं," बारकी म्हणाली. डॉक्टरीणबाईंना ते आवडलं.

घरात तिचं सगळं वेगळं झालं, भांडी, डबे, फळीसुद्धा. माझ्या नवऱ्यानं फळीवर लाल रंगानं लिहून ठेवलं, 'बारकीचं. हात लावाल तर याद राखा.' कुणाकडं गेली तर ती नुसतं पाणी पिऊन यायची. पुढं जाणंच सोडलं.

दीड वर्षानं पुन्हा घशातून दुर्बीण घालून तपासलं, तर आतडं होतं तसंच.

"चोरून खातेस," हे म्हणाले.

"नाही, दादा."

"मग आतडं खोटं बोलतंय का?"

ती उठून गेली. मी मध्ये पडले नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. रोज देवापुढं हात जोडताना मी तिला बुद्धी दे म्हणून मागत होते.

त्या दिवसांत ती सुट्टीच्या दिवशी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्यांदा ओ द्यायची. आम्ही म्हणायचो, पोटाचं आहे, अशक्तपणा आहे.

एकदा डबा विसरली म्हणून मी तो घेऊन वाचनालयात गेले. तिचं काम इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. ब्रश खळीत बुडवायचा, पुठ्ठ्याला फिरवायचा, बोटानं कडा दाबायच्या. मग पुढची पानं सुटी करायला तेच बोट जिभेला लावायचं. चार-पाच पानं झाली की पुन्हा जिभेला.

"बारके, हे काय करतेस?"

"काय?"

"बोट."

तिनं बोटाकडं पाहिलं. मग खळीच्या भांड्याकडं. खुर्ची ओढून बसली.

"तो मैदा आहे हे माझ्या डोक्यातच नाही आलं गं," ती म्हणाली. "मला ते सामान वाटतं. खिळे असतात, तसं."

त्या दिवसापासून खळ तांदळाच्या पिठाची, आणि पानं सुटी करायला टेबलावर ओला स्पंज. ह्यांनी माफी वगैरे मागितली नाही. पिठाची पिशवी मात्र स्वतः नेऊन दिली आणि "चाळून घे, खडे असतात," एवढंच बोलून आले.

ही गोष्ट सव्वा वर्षापूर्वीची. आज तिसरा रिपोर्ट मिळाला. लव भरून आली होती. डॉक्टरीणबाई खूश होत्या. निघताना त्यांनी विचारलं, "आणि मन कसं आहे? काही जणांचं आतडं सुधारतं, मन मागं राहतं. तसं असेल तर सांगा, त्यावरही इलाज आहेत."

"मजेत आहे," बारकी म्हणाली होती.

वाटेत रंगाच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर मी टेकले, चपला काढल्या. ती शेजारी बसली.

"वहिनी, मी डॉक्टरीणबाईंपुढं खोटं बोलले."

"खाल्लंस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. "शेवटी दादाचीच बायको." मग म्हणाली, "मजेत वगैरे नाहीये मी. सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली. पुस्तक पुढ्यात असतं आणि कुठून उसवायचं तेच कळत नाही. इतके दिवस पोटावर ढकलून चालत होतं. आता पोटानं हात वर केले."

देवाचं नाव घे, चारचौघांत जा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. तिच्या नावानं देवाकडं आधीच भलतंच मागून झालं होतं माझं.

"कधीपासून?"

"ठाऊक नाही. पोटाच्याही आधीपासून असेल."

तेवढ्यात माझा फोन वाजला. हे विचारत होते, डॉक्टर काय म्हणाले, चांगलं ना. मी म्हटलं, "येतोच आहोत," आणि ठेवून दिला.

बारकी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

"दादा दारातच उभा असेल," ती म्हणाली. "रिपोर्ट बघून त्याला आनंद होईल, आणि त्याचं तोंड बघून मी पुन्हा मजेत आहे म्हणेन. म्हणून आधी तू बोल. आतडं बरं झालंय, बारकी अजून बरी नाही, उद्या मी तिला परत डॉक्टरीणबाईंकडं नेणार आहे, असं सांग. आणि उद्या तिथंही सुरुवात तूच कर. सुरू झालं की पुढचं मी सांगेन."